सासूबाईंचा चातुर्मास

इंदिरानगरच्या दवाखान्यात शेजारच्या बाकावर दोघी बोलत होत्या.

"वेदिका, गणपतीच्या केकच्या ऑर्डरी चांगल्या आल्या होत्या ना गं?"

"आल्या होत्या, मावशी. एकीने केकमध्ये अंडं असतं का विचारायला फोन केला, तो उचलला सासूबाईंनी. म्हणाल्या, भरपूर घालते, आमची सून हात आखडत नाही."

"अगं, पण तू तर बिनअंड्याचे करतेस."

"तेच ना. सगळ्या कॉलनीने ऑर्डरी रद्द केल्या."

"मग?"

"मग सासूबाईच केक घेऊन घरोघर गेल्या. प्रत्येक दारात तुकडा खाऊन दाखवला. माझा चातुर्मास आहे, अंडं असतं तर खाल्लं असतं का, म्हणाल्या."

"पटलं लोकांना?"

"पटलं. पण सासूबाईंना शुगर आहे, मावशी. आता आत सलाईन लावलंय, आणि मला सांगतायत, अजून मागची बिल्डिंग राहिलीय."