दुधाचे दात पडेस्तोवर

तर मंग लिव्हा की, भाऊसाहेब, टाक काय कानावर ठिवायला आनलाय? कचेरीपुढं झाडाखाली बसून लोकांचं अर्ज खरडायचा धंदा तुमचा, आन् सकाळधरनं नुसतं माझं त्वांड बघताय. पुन्ना सांगतो. मी रखमाजी, बेडश्याचा. बायकू भागू — व्हती, आता न्हाई. पोरगी झुंबरी, सात वर्साची — ती भागूपाशी हाय, लोहगडवाडीला, मामाच्या घरी. ती मला पायजे. बापाची पोर बापाच्या घरी आना, एवडंच लिव्हायचं. त्यात इचार कसला करताय? शाईत बोटं काळी केली की लय अक्कल येती व्हय?

काडीमोड कशापायी झाली? तुमा लोकान्ला समदं उकरायचं असतं. तीन वर्सं झाली. भाताच्या रोपासाठी वाफ्यावर पालापाचोळा रचून राब भाजायचा व्हता. ही म्हनली, पाला वला हाय, दोन दिस थांबा — चार भावकीतल्या मान्सांम्होरं! बाईनं मला शेती शिकवायची? पेटवला मी. आन् झाला नुसता धूर, जाळ काई धरंना, आन् ती भावकी लागली हसाय. मंग मी हात उचलला. एकदाच. बरं, दोनदा. तेवड्यावर ही म्हायेरी! मंग मीबी पंच बसवलं. अवो, पंचांम्होरं गवताची काडी हातात धरली की भल्या भल्या बाया नवऱ्याचं पाय धरत्यात. मला काय खरंच मोडायची व्हती? मी आपली काडी धरून बसलो — म्हनलं आता रडंल, मंग रडंल. हिनं नुसता पदर सावरला. समदे माझ्या हाताकडं बघत्यात. मोडली मंग! काय करतो? अर्धी टाकली तिच्याम्होरं, तर तिनं ती उचलून कनवटीला लावली, जनू काय सुपारीच. लय मिजासखोर बाई!

पोरीचं व्हय? ते पंचांनी तितंच सांगितलं — दुधाचे दात हायती तवर आईपाशी, पयला दात पडला की बापाच्या घरी. पडला की! परवा कामशेतच्या बाजारात भागू मीठ घेत व्हती, आन् पोर आली पळत माझ्याकडं, मूठ उघडली तर दात. म्हनती, "आबा, ह्यो आपल्या घरावर टाका." आपल्या म्हनली — ऐकलं का? शेनाच्या गोळ्यात घालून छपरावर टाकत्यात न्हव का दात, तसा. मामाच्या छपरावर न्हाई टाकला तिनं, तीन दिस जपून ठिवलावता. ह्यो बघा, मुंडाशाच्या टोकाला बांधलाय. म्या न्हाई टाकला. मी कशाला टाकू? ती आली की तिच्या हातानं टाकंल.

भागूला म्हनलं, दात पडला, आता दे पोर. तर म्हनती काय, ज्या कागदावर पोर नाकारली, त्याच कागदावर मागून घ्या. म्हून आलोय तुमच्या दारी, न्हाईतर मला काय हौस!

कसला कागद म्हंजे? ती पोटगीची केस. त्यात काय, ती मी जिकली! ही नक्कल, घ्या, तुमाला वाचता येतं ना. आमच्या गावात हौशीराम हाय, कोरटाच्या पायऱ्या झिजवलेला. त्यो म्हनला, पोरीपायी पोटगी मागतीया न्हव, मंग पोरगी माझी न्हाईच म्हन — कसली पोटगी? म्हनलो तसं. साहेब म्हनला, शपथेवर? व्हय, शपथेवर. दिला अंगठा. भागू उठून म्होरं आली. मंग साहेबाला हात जोडून म्हनली, मला काई नगं, ह्याचं काईबी माझ्या पोरीच्या अंगाला लागाय नगं. आन् गेली. झाला अर्ज खारीज! हौशीरामला जिलबी चारली मी त्या दिशी.

काय वाचताय येवडं? — व्हय, माझाच अंगठा. — व्हय, 'सदर मुलगी माझी नव्हे'. आवो, पर ते पोटगीपुरतं व्हतं! जलमापुरतं व्हतं व्हय? खुळ्यालाबी कळंल ती कुनाची — माझंच कान, माझ्यावानीच राग आला की पाय आपटती. साहेबाला डोळं न्हाईत?

काय? आसं लिव्हायचं? शपथेवर खोटं बोललो म्हून? आन् बायकूच्या नावाला बट्टा लावला म्हून? हितं, ह्या समद्यांम्होरं? कायदा हाय का चेष्टा! शिक्षा व्हईल म्हनता, ती व्हऊ द्या, शिक्षेला कोन भितो — पर तो कागद वाचून दावतील ना तिला? मंग ती म्हनंल — काय म्हनंल? काई म्हननार न्हाई ती. तेच तर. नुसता पदर सावरंल.

येवडी मोठी दौत, आन् तिच्यात दुसरा एक शबुद न्हाई? मंग कशाला बसता हितं दुकान मांडून? ऱ्हाऊ द्या. मिटा दौत. द्या ती नक्कल हिकडं.

...ही गाठ सुटाय आली मुंडाशाची. धरा जरा — न्हाई, नगा धरू, माझी मी बांधतो.

लिव्हा. लिव्हा म्हनतो ना! रखमाजी खोटं बोलला. पोर त्याची हाय. आन् भागूचं — तेबी लिव्हा.

मोठ्यानं वाचू नगा.