रविवारी न हललेला बाण

...आणि वर मलाच विचारतात, ‘लॅपटॉपवरचा बाण काढायचं काय अवघड आहे?’ अहो, घालणं सोपं होतं! ओळखीच्या नोसाखारेनं परदेशी चलनाच्या सट्ट्यात भाव कुठं जाणार ते दाखवणारी फाईल विकली, म्हणाला, ‘ब्रदर, ह्या फोल्डरात टाक, प्रोग्राम बंद करून चालू कर, बास! चार्टवर निळा बाण आला की युरो घे, लाल आला की विक. बाण खोटं बोलत नाही!’ आता तुम्हाला सांगतो, मी शिंपी माणूस, नायजेरियात बेनिन सिटीत रिंग रोडच्या मागं दुकान, सोळा वर्षं गळ्यात टेप... आणि त्या बाणापायी शिलाई मशीन विकलं. मशीन! का? तर इटोहानशी लग्न करायचं होतं. तिचे वडील, पापा आइग्बे, रिटायर हेडमास्तर, नाक वर करून म्हणाले होते, ‘शिंप्याला पोरगी? माझ्या पँटी शिव, तेवढं पुरे.’

मग मी काय केलं? रविवारी चर्चमध्ये साक्ष द्यायला, म्हणजे देवानं आपलं काय भलं केलं ते सगळ्यांपुढं सांगायला, उभा राहिलो. काम व्हायच्या आधीच देवाचे आभार मानायचे, म्हणजे विश्वास दिसतो! लॅपटॉप मोठ्या पडद्याला जोडला, पास्टरनं त्यावर आशीर्वादाचं तेल शिंपडलं, ते गेलं कीबोर्डात, दोन बटणं अजून चिकटतात... आणि वर हा भला मोठा निळा बाण! एक तास झाला, दीड तास झाला, ढिम्म हलला नाही. निळा टिकला म्हणजे नफा पक्का! ‘हालेलुया!’ अख्खं चर्च नाचलं. पापा माझ्या गळ्यात पडले हो, चारशे माणसांपुढं म्हणाले, ‘जावई!’ बाण खोटं बोलत नाही!

अहो, हलेल कसा? रविवारी बाजार बंद असतो!

मला माहीत नव्हतं? होतं की. पण सासरा गळ्यात पडलेला असताना कोण बोलेल? तुम्ही बोलला असता?

सोमवारी सकाळी माझ्याच शेजारी बसून पापांनी निवृत्तीची सगळी पुंजी लावली. भाव धाडकन पडला, आणि निळा बाण... गायब! त्याच्या जागी लाल, जसा काही कालपासून तिथंच बसलेला. ‘काय रे, हा काल निळा होता ना?’ मी म्हटलं, ‘पापा, बाण...’ ‘काढ तो! माझ्या नजरेसमोरून काढ!’

काढला. नवा चार्ट उघडला, बाण हजर! पुन्हा काढला, पुन्हा हजर! दहा वेळा! म्हातारा रडतोय, मी काढतोय, नोसाखारेचा फोन बंद. शेवटी इटोहान गल्लीतल्या कॉम्प्युटर दुरुस्तीवाल्याला घेऊन आली, एफोसाला. त्यानं माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. ‘नुसतं चार्टवरून पुसून काय होणार? मूळ फाईल फोल्डरात तशीच, आणि प्रत्येक नवा चार्ट बाणासकटच उघडेल असं ह्यांनीच सेव्ह करून ठेवलंय.’ दोन मिनिटं लागली. पापा डोळे पुसत म्हणाले, ‘ह्याला म्हणतात हातात कला असणं.’ इटोहाननं त्याला थंडगार माल्टची बाटली दिली. मला पाणीसुद्धा विचारलं नाही.

आता मी नोकरी करतो. माझ्याच मशीनवर, ज्यानं ते विकत घेतलं त्याच्याकडं. परवा एफोसा आला, लग्नाचे कपडे शिवायला. माप घेतलं. छाती बेचाळीस. टेप खोटं बोलत नाही! सोबत पापा होते, म्हणाले, ‘लवकर शिव हं, रविवारी जावई चर्चमध्ये साक्ष देणार आहेत.’

म्हटलं, कसली?

‘पीडा मुळासकट काढल्याची. तू पुढच्या बाकावर बस, म्हणजे सगळ्यांना नीट दिसशील.’