खोट्या खिडकीमागे ऐकलेले

मी, खाली सही करणार, वय एकसष्ट वर्षे, धंदा पडदे, गाद्या व उशा विकण्याचा, राहणार दुकानाच्याच माडीवर, आज पोलीस ठाण्यात आपल्या पायांनी येऊन, साहेबांनी समक्ष विचारल्यावरून सांगतो की,

माझे दुकान बाजाराच्या कोपऱ्यावर आहे. उजव्या हाताला औषधांचे दुकान व त्यावर मुलांच्या डॉक्टरांचा दवाखाना आहे. दुकानात मी व माझा नोकर असे दोघे असतो. नोकर उंच असल्याने त्याला सगळे लंबू म्हणतात व माझा शिडीचा खर्च वाचतो. साहेब म्हणाले, हे लिहायची गरज नाही. परंतु मी बोललो तसे लिहावे अशी माझी विनंती आहे.

दुकानाच्या मागच्या भिंतीला एक खोटी खिडकी आहे. म्हणजे लाकडी चौकट आहे, वर दांडी आहे, पण पलीकडे उजेड नाही की वारा नाही. पडदा घरी लावल्यावर कसा दिसेल ते गिऱ्हाइकाला कळावे म्हणून ती मी करून घेतली. चौकटीमागे एक माणूस बसेल एवढा कोनाडा आहे व त्यात स्टूल आहे. कोनाड्याला लागून मागच्या बोळात उघडणारे दार आहे.

आज दुपारी दुकानात कोणी नव्हते. लंबू चहा आणायला गेला होता. शेजारच्या औषधांच्या दुकानाबाहेर बाक आहे, तिथून तान्ह्या मुलाचे रडणे ऐकू येत होते. मग औषधवाल्याचा आवाज आला, "ओ ताई, हे इथं नको. गिऱ्हाईक येतं-जातं. जरा आडोसा बघा ना." बाईंनी विचारले, "आडोसा कुठंय?" त्यावर तो म्हणाला, "ते मी कसं सांगू? मी औषधं विकतो."

नंतर ते रडणे जिना चढून वर गेले व तसेच खाली आले, कारण दवाखाना जेवणासाठी बंद झाला होता. त्यानंतर सदर महिला माझ्या दारात आल्या. मूल कडेवर नव्हते, दोन्ही हातांवर होते. महिन्या-दोन महिन्यांचे असावे. त्या म्हणाल्या, "काका, पाच मिनिटं बसू का कुठं? याला भूक लागलीय."

मी म्हणालो, "पडद्याच्या दुकानात तुला आडोसा मिळाला नाही, तर मी धंदा बंद करतो, पोरी." मी त्यांना खोट्या खिडकीमागे स्टुलावर बसवले, निळा जाड पडदा ओढला, पंखा त्या बाजूला वळवला व पाण्याचा तांब्या आत सरकवला. मग मी गल्ल्यावर येऊन रस्त्याकडे तोंड करून बसलो.

विचारल्यावरून सांगतो की, तिथून मला आतले सर्व ऐकू येत होते. माझे कान चांगले आहेत. गिऱ्हाईक नवऱ्याच्या कानात "महाग आहे" म्हणते, तेही मला गल्ल्यावर कळते. त्यावरच माझा धंदा चालला आहे.

आत बाई मुलाशी बोलत होत्या. "घे ना रे. असं नाही, मोठं तोंड कर. सकाळीच दाखवलं ना डॉक्टरांनी दोघांना, कसं धरायचं ते?" मग मूल रडले. मग बाईंनी दात आवळून श्वास घेतल्याचा आवाज आला. "दुखतंय रे मला. पण तू घे. तू माझ्याकडे नको बघू." असे दोन-तीनदा झाले. पडद्याआडून त्या मला म्हणाल्या, "काका, आवाज होतोय, माफ करा हं." मी म्हणालो, "होऊ दे. इथं गाद्याच ऐकणार."

पडद्याआड माणूस जरा मोकळे बोलते, हा माझा अनुभव आहे. त्यांनी आपण होऊन सांगितले की, बाळाचे वजन वाढत नाही. सासूबाई म्हणतात तुझे दूधच पातळ, डब्याचे दूध सुरू कर. शेजारणी म्हणतात काहीतरी खाण्यात आले असेल. डॉक्टर मात्र म्हणाले, दूध चांगले आहे, बाळाला धरायची पद्धत चुकते आहे. मी विचारले, "पातळ म्हणजे? सासूबाईंनी दुधाला मीटर लावला होता का?"

त्यावर त्या हसल्या. मोठ्याने हसल्या. त्या हसण्यातच कधीतरी मुलाने धरले असावे, कारण रडणे एकदम थांबले.

सुरुवातीला काहीच ऐकू आले नाही. मग नाकाने श्वास घेतल्यासारखा बारीक आवाज आला. मग गट्ट. मग श्वास. मग पुन्हा गट्ट. बऱ्याच वेळाने बाई अगदी हळू म्हणाल्या, "काका, पितोय हो." मी उत्तर दिले नाही, कारण मला त्यात अडथळा आणायचा नव्हता.

तेवढ्यात लंबू चहा घेऊन आला व त्याच्या पाठोपाठ एक चष्मेवाल्या बाई व त्यांचे यजमान आले. खिडकीमागे कोणी बसले आहे हे लंबूला सांगायचे राहून गेले. त्या बाईंनी सगळे दुकान सोडून नेमका तो निळा पडदा दाखवला. मी म्हणालो, "तो नको बाई, तो आत्ता द्यायचा नाही. याच्यापेक्षा चांगला दाखवतो." त्यांना वाटले, हा दुकानदाराचा डाव आहे. मी जितके नको म्हटले तितका त्यांना तोच हवा झाला. यजमानांकडे पाहून त्या म्हणाल्या, "हाच. पक्का."

आमच्या दुकानाची एक रीत आहे. गिऱ्हाईक "पक्का" म्हणाले की एका हिसक्यात पडदा दांडीवरून टेबलावर आला पाहिजे. गिऱ्हाइकाला दुसरा विचार सुचायच्या आत कात्री दिसली पाहिजे. ही रीत लंबूला मी स्वतः शिकवली आहे व तो ती बिनचूक पाळतो. मी "अरे थांब" म्हणालो तोवर पडदा त्याच्या हातात होता.

पुढे काय दिसले ते मी सांगू शकत नाही. मी मान वळवली. लंबूने पडदा स्वतःच्याच तोंडावर धरला. चष्मेवाल्या बाईंच्या यजमानांनी मान वळवली नाही.

चष्मेवाल्या बाई ओरडल्या, "अगंबाई! हे काय? इथं लपून काय चाललंय?" मूल दचकून सुटले व किंचाळू लागले. सदर महिलेने त्याला दुपट्यात गुंडाळले, स्वतःला तेवढ्यातच झाकले व मागच्या दाराने बोळात पळाल्या. मी "थांब पोरी" म्हणालो, ते त्यांना ऐकू गेले नसावे. त्याच वेळी चष्मेवाल्या बाई म्हणाल्या, "पळाली! मूल घेऊन पळाली! धरा तिला!"

मुले पळवणारी बाई फिरते आहे अशी बातमी गेले काही दिवस बाजारात प्रत्येकाच्या फोनवर आहे. मलाही ती माझ्या मेहुण्याने पाठवली आहे. मेहुण्याने आजवर एकही खरी बातमी आणलेली नाही. परंतु बाजारात सगळ्यांना असा मेहुणा ओळखता येत नाही.

मी व लंबू, आणि मागोमाग चष्मेवाल्या बाई व यजमान, बोळाच्या तोंडाशी पोचलो तेव्हा औषधवाल्याने महिलेची वाट अडवली होती व बरेच लोक जमले होते. औषधवाला म्हणत होता, "मला मघाशीच संशय आला होता. माझ्या बाकावरून उठवली, तर लपायला गेली!"

मी म्हणालो, "अरे, तूच उठवलीस ना तिला?"

"उठवलं म्हणून काय चोरासारखं लपायचं?"

कोणीतरी मूल काढून घेऊन चष्मेवाल्या बाईंकडे दिले. कोणी काढले ते मला दिसले नाही. महिलेच्या दंडाला कोणी धरले ते दिसले. तो औषधवाल्याचा भाचा होता. लोक विचारत होते, "मूल कुणाचं?" त्या म्हणाल्या, "माझं." "मग एवढं रडतंय का?" "उपाशी आहे म्हणून." त्यावर एक आवाज आला, "आई आहेस ना? मग पाजून दाखव."

हे वाक्य कोणाचे, असे साहेबांनी दोनदा विचारले. दोन्ही वेळा माझे उत्तर एकच आहे. वाक्य औषधवाल्याचे. तो आवाज गेली अनेक वर्षे रोज सकाळी माझ्याकडे सुट्टे मागतो, त्यात माझी चूक होणार नाही. मघाशी "हे इथं नको" म्हणणारे गृहस्थ ते हेच.

महिला म्हणाल्या, "द्या माझं बाळ. पाजते. इथंच पाजते. बघा सगळे." त्या बोळाच्या पायरीवर बसल्या व बटणे काढू लागल्या. घाईत बटण निघत नव्हते. कोणी पाठ फिरवली नाही. दोघांनी फोन वर धरले होते.

निळा पडदा लंबूच्या खांद्यावर तसाच होता. त्याने न सांगता तो उघडला व एक टोक मला दिले. चष्मेवाल्या बाई मुलाला घेऊन उभ्या होत्या. त्यांनी मूल महिलेच्या हातात दिले व पडद्याची मधली कड स्वतः धरली. यजमान म्हणाले, "तू कशाला मध्ये पडतेस?" त्या म्हणाल्या, "तुम्ही गप्प बसा हो. तिकडं तोंड करा." त्यांनी सुरुवातीला आरडाओरडा केला हे खरे आहे. नंतर पडदा धरला हेही खरे आहे. दोन्ही लिहावे.

मूल प्यायले नाही. रडून रडून त्याचा श्वास लागला होता व तोंड लावले की ते मागे रेलत होते. पडद्याबाहेरून लोक म्हणत होते, "बघा, घेत नाही. आपली आई असती तर ओळखली नसती का?" एवढी माणसे तोंडाकडे बघत उभी राहिली, तर मला पाणीसुद्धा गिळता येणार नाही, असे मी त्यांना म्हणालो. कोणी ऐकले नाही. त्यानंतर पोलिसांची गाडी आली.

इथे आल्यावर मला असे समजले की, महिलेचे पती लांबच्या गाडीवर ड्रायव्हर असून त्यांचा फोन लागत नाही. सासूबाई निघाल्या आहेत, पण त्यांना दोन बस बदलाव्या लागतात. बाळ तिचे नाही, कारण ते तिच्या अंगावर पीत नाही, अशी तक्रार औषधवाल्याने लिहून दिली आहे. त्यामुळे खात्री होईपर्यंत बाळ शेजारच्या खोलीत महिला शिपायाकडे आहे व आई बाहेर बाकावर आहे. निळा पडदा पुरावा म्हणून जप्त होऊन या टेबलावर आहे.

साहेबांनी विचारले की, दुकानात बाळ प्यायले हे तुम्ही डोळ्यांनी पाहिले काय? उत्तर : नाही. पाहिले असते तर मलाही त्या बोळातल्या लोकांत उभे करावे लागले असते. मी ऐकले.

साहेबांनी विचारले की, नुसत्या आवाजावरून कसे ओळखता? उत्तर : माझे लग्न झाले तेव्हा आम्ही सातजण एका खोलीत राहत होतो. मोठी मुलगी झाली तेव्हा बायको तिला घेऊन भिंतीकडे तोंड करून बसे. वडील उठून बाहेर जात, भाऊ जात नसे. मी जुन्या चादरीला नाडी घालून एका कोपऱ्यात टांगली. तो मी केलेला पहिला पडदा. शेजारणीने पाहून तसाच मागितला, मग तिच्या जावेने, आणि धंदा तिथून सुरू झाला. चादरीच्या अलीकडे बसून मी तीन मुलांचे पिणे ऐकले आहे. नुसते चोखते त्याला घुटका नसतो. पोटात जाते त्याला असतो. आज दुकानात घुटका होता.

साहेब म्हणाले, हे कोर्टात टिकणार नाही. मी म्हणालो, टिकायला नको, लिहायला तर हरकत नाही ना.

जबाब इथपर्यंत लिहून होताना शेजारच्या खोलीतले रडणे वाढल्याने माझे बोलणे लिहिणाऱ्या हवालदारांना ऐकू येईनासे झाले. दोनदा वाक्य पुन्हा सांगावे लागले. बाहेरच्या बाकावरून महिलेचा आवाज आला, "साहेब, दुधानं माझे कपडे भिजलेत हो." त्या एवढेच म्हणाल्या. हवालदारांनी लिहिणे थांबवले. औषधवालाही बाहेर बसला होता.

साहेब उठले. टेबलावरचा जप्त पडदा त्यांनी स्वतः उचलला व बाहेर गेले. शेजारच्या खोलीला दार आहे, पण ते लागत नाही. मी येतानाच ते पाहिले होते. खिळा ठोकल्याचा आवाज आला. मग बाकावरून कोणी उठल्याचा, मग पावलांचा. रडणे काही वेळ तसेच चालू राहिले. महिला शिपाई म्हणाल्या, "घाई नाही ताई. मी इकडं तोंड करून बसते. माझ्या पोराने तर पहिला महिनाभर मला रडवलं होतं."

साहेब परत येऊन खुर्चीवर बसले. हवालदारांनी पंखा बंद केला. त्यांना कोणी सांगितले नव्हते.

रडणे थांबले आहे. दोन्ही खोल्यांमधली भिंत पातळ आहे. मी पाहिलेले नाही, पण मला ऐकू येत आहे व ते दुपारी दुकानात ऐकले तेच आहे. तुम्हाला येते का, असे मी साहेबांना विचारले. साहेबांनी मान हलवली व म्हणाले, जबाब तुमचा आहे, त्यात माझी मान घालू नका. तरी हवालदारांनी ती घातली आहे.

हा जबाब मला हळू आवाजात वाचून दाखवला. पलीकडे अडथळा होऊ नये म्हणून हळू वाचावा असे मीच सांगितले. सर्व शब्द नीट ऐकू आले. मी बोललो तसाच आहे व खरा आहे, म्हणून खाली सही करतो. पडदा परत नको आहे.