अहो, दोरा

...नाही, पण मला एक सांगा, सुईचं नेढं एवढंसंच ठेवायचं हे ठरवलं कुणी? शर्टाला काजं करता ती बोट जाईल अशी, आणि ज्या भोकातून सगळं कापड शिवायचं ते मात्र मुंगीनंसुद्धा पोट आत घेऊन जावं असं. बरं, हातातली सुई असती तर उजेडाकडे धरली असती, फिरवली असती. ही मशीनची सुई, स्क्रूनं आवळलेली, ती हलत नाही, तिच्यापुढे आपणच वाकायचं, मान तिरकी करायची, एक डोळा मिटायचा, जीभ बाहेर काढायची... जीभ का बाहेर येते ते विचारू नका, पण जिभेशिवाय दोरा ओवलेला माणूस मी अजून पाहिलेला नाही. आणि हे सगळं कशासाठी? तर आतल्या खोलीतून हाक येते. "अहो, दोरा."

बस. दोन शब्द. तुम्हाला सांगतो, गणपती गेल्यापासून आमच्या हिनं माझ्याशी तिसरा शब्द काढलेला नाही.

हिचं म्हणणं... म्हणणं म्हणजे बोलत होती तेव्हाचं... की मी कोपरीची खोली तिला न विचारता विकली. आता न विचारता कशी? बयाणा घेतला त्याच संध्याकाळी घरी येऊन सांगितलं की. तळमजल्याची खोली ती, आणि दारातच हिचं पायमशीन. अख्खी गल्ली तिथे अडायची. "कमळाबाई, एवढा फॉल लावा ना." "कमळाबाई, बाही जरा सैल करून द्या, लग्नाला जायचंय." बाही राहायची बाजूला, लग्न कुणाचं, मुलगी काय करते, सासू कशी आहे, सगळं तिथेच उसवायचं आणि तिथेच शिवायचं. आता आम्ही घोडबंदर रोडला, अठराव्या मजल्यावर. लिफ्ट आहे, खाली बाग आहे, खिडकी उघडली की टेबलावरचा पेपर उडून जातो इतकी हवा आहे. पण फॉल लावायला अठराव्या मजल्यावर येतंय कोण? मग ही आपली जुन्या साड्यांच्या गोधड्या, अभ्रे, पिशव्या असलं शिवत बसते. डोळ्यांत मोतीबिंदू उतरलाय. ऑपरेशन करू या म्हटलं तर मान हलवते, 'नको' असं तोंडानं म्हणतसुद्धा नाही. मुलगा आहे घरात. नाव नयन, पण नजर चोवीस तास फोनमध्ये. माझं ऑपरेशन झालेलं, मला लख्ख दिसतं, म्हणजे ओवणार कोण?

पेपर उघडला, "अहो, दोरा." ओवून आलो, चष्मा पुसला, वीतभर शिवण झाली असेल नसेल, टच्‌. "अहो, दोरा." हातात घास आहे, "अहो, दोरा." अंगाला साबण लागलाय आणि बाहेरून, "अहो..." मी नयनला म्हटलं, अरे मी माणूस आहे की रीळ? तर म्हणतो, "पप्पा, सिंपल आहे ना, व्हिडिओ बघा." बघितले. दोऱ्याचं टोक तिरकं कापा म्हणे. कापलं. टोकाला साबण घासा, घासला. सुईमागे पांढरा कागद धरा, नेढं उठून दिसतं. आणि खरंच दिसतं हो, उगाच खोटं कशाला बोलू. ओवणं सोपं झालं, पण तुटणं थांबेना.

शेवटी जांभळी नाक्याला मशीनच्या सामानाच्या दुकानात गेलेलो. तिथे साईनाथ म्हणून आहे, त्यानं पत्र्याच्या चकतीला बारीक तारेचा फास लावलेली एक वस्तू काढून दिली. "काका, फास नेढ्यातून घालायचा, दोरा फासात टाकायचा, ओढायचा. काकू डोळे मिटून ओवतील." मी म्हटलं, दे बाबा, सुटलो. तर हा विचारतो, "पण एवढ्या वेळा ओवायला लागतं कशाला?" म्हटलं, तुटतो. "मग उलटा ओवत असाल. सुईला एका अंगाला लांब खाच असते, नखाला लागते बघा. दोरा खाचेकडून आत गेला पाहिजे." आणि वर म्हणतो, "काकू शिवणाऱ्या ना? त्या काय बोलल्या नाहीत?"

आता त्याला काय सांगू? 'उलटा ओवलाय' एवढं म्हटलं असतं तरी दोनच शब्द होते ते. पण ते वेगळे दोन शब्द, आणि वेगळे शब्द आमच्याकडे बंद आहेत.

घरी आलो, तावातावानं खाच शोधली, सुलट ओवला, चकती तिच्या पुढ्यात ठेवली आणि हॉलमध्ये येऊन बसलो. मशीन सुरू झालं ते थांबेचना. मी पेपर वाचला. सगळा वाचला, निविदासूचना वाचल्या, श्रद्धांजल्या वाचल्या. हाक नाही. रीळ संपलं, तिनं चकती घेतली, तिचं तिनं ओवलं. दुसऱ्या दिवशी तेच. हवी होती ना शांतता? मिळाली. जेवताना वाढते, पाणी ठेवते, जाते. आणि तुम्हाला सांगतो, मला भीती वाटली. भांडण झालं तर माणूस चिडतो, पण घरात बाई आहे आणि तिला आपल्याला हाक मारायचं काही कारणच उरलं नाही, हे फार वाईट असतं हो.

मग मी ती चकती उचलून शर्टाच्या खिशात टाकली. ही सकाळी मशीनवर चाचपत होती, खण उघडला, खाली बघितलं. विचारलं नाही. खण लावून टाकला, आणि मग, "अहो, दोरा."

इतक्या घाईनं मी लिफ्टमागेसुद्धा कधी धावलेलो नाही. कागद धरला, टोक तिरकं कापलं, खाच कुठे आहे ते आता नखाला पाठ झालेलं, आणि मी दोरा उलट्या अंगानं ओवला. मुद्दाम. तिला दिसत नाही म्हटलं तरी आयुष्य गेलंय त्या सुईपुढे. तिनं नख सुईवरून खाली आणलं. थांबली. माझ्याकडे बघितलं. मला वाटलं आता बोलणार, जे काय गणपतीपासून साठलंय ते सगळं बाहेर पडणार, पडू दे... तिनं मान खाली घातली, कापड सरकवलं आणि पायडल दाबलं.

वीतभर गेलं. टच्‌.

मी हललोच नव्हतो, तिच्या खांद्याला लागूनच उभा होतो. तरी हॉलमध्ये ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "अहो, दोरा."

काय करणार, वाकलो.