आई ध्यानाला बसल्यात

— न्हाय न्हाय भंते, तुमी बोलू नका. तुमचं मौन हाय, म्हाईत हाय मला. पौर्णिमेपतुर भंते बोलणार न्हाईत म्हणून समद्या शेळगावाला सांगून झालंय. म्हणून तर आज आले. बोलतं माणूस समोर असतं तर माझं तोंडच उघडलं नसतं. तुमी जेवा. बारा वाजायच्या आत तुमचं जेवण झालं पायजे, तवर मी बोलते. मेथी माझ्या सुनंनं केलीय, संजीवनीनं. तिच्यापायीच आलेय — म्हंजे तिनं धाडलं न्हाय, ती घरी हाय. आज संध्याकाळी ती माझ्याकडं ध्यान शिकायला बसणार हाय. आन् ते कसं टाळावं एवढंच इचारायला आले.

हसताय व्हय? हसा. द्वारकाबाईला ध्यान शिकवायला काय अवघड, आसंच वाटत असंल. साऱ्या गावाला तसंच वाटतंय. शिबिराला जाऊन आले तवापासनं रोज पहाटं बसते मी — पाठ ताठ, डोळं मिटलेलं, हू की चू न्हाय. माशी बसली नाकावर तरी हलत न्हाय. बाया पोरींना सांगत्यात, बसावं तर द्वारकाबाईवानी. परवा तर एकीनं पाया धरलं माझं, आन् मी धरू दिलं. धरू दिलं, भंते. आता काय सांगू तुमाला — वरनं कीर्तन आन् आतनं तमाशा म्हणत्यात ना, तसली गत.

कारण मी श्वास बघतच न्हाय. पयल्यांदा बघायची हां, खोटं कशाला बोलू, पयल्यांदा लई मन लावून बघायची. आला, गेला, आला, गेला. पण माझी बसायची जागा कुठं, तर सैपाकघराच्या पत्र्याला लागून. आन् मी बसले की आमचा पोरगा अविराज समद्यांना खुणावतो — गप, आई ध्यानाला बसल्यात. मग तो टेम्पो घेऊन इंदापूरला डाळिंबं पोचवायला जातो, आन् संजीवनी चुलीपाशी बसून तिच्या आईला फोन लावती, कन्हेरीला. हळू आवाजात. तिला वाटतं, सासू काय ह्या जगात न्हाय. आन् सासू पत्र्यापल्याड, कान टवकारून. मौन धरायच्या आधी, मागच्या रविवारी तुमीच सांगितलं ना — आवाज आला तर आला एवढंच जाणायचं, त्याच्या मागं जायचं न्हाय. मी मागं जाते तर सोडाच, मी तिची वाट बघत बसते. एखाद्या दिवशी फोन लागला न्हाय तर दिवस सुना जातो माझा.

ऐकलं तर ऐकलं, पोटात ठेवावं का न्हाय? तेवढी कुठली अक्कल. एकदा तिच्या पोटात दुखतंय म्हणून ऐकलं, तर दुपारी ओवा नेऊन दिला. ती बघतच राहिली — आई, तुमाला कसं कळलं? आता तितंच सांगायचं होतं, पोरी, पत्रा पातळ हाय म्हणून. पण मी आपली हसले, बारीक. आन् ते तिला लई मोठं वाटलं. तिनं अविराजला सांगितलं, त्यानं गावाला. आईंना ध्यानात कळतं. झाकली मूठ सव्वा लाखाची, भंते. मला बी ग्वाड वाटाय लागलं.

न्हाय, थांबा, जेवण थांबवू नका. अजून खरं तर मी सांगितलंच न्हाय.

चार दिवसांमागं ती आईला सांगत होती — बारामतीला कापडाच्या कंपनीत बायकांना घेत्यात, शिवणकाम येतं मला, सोमवारी या म्हणत्यात, ह्यांना आज जेवताना इचारते. लई आनंदात होती पोरगी. आन् मी काय केलं? ती इचारायच्या आधीच, पानावर बसल्या बसल्या डोळं अर्धं मिटलं आन् म्हणाले — ह्या घरातल्या एका माणसाचं मन उंबऱ्याबाहेर चाललंय, ते बरं न्हाय. बास. तिच्या हातातली भाकरी हातातच राह्यली. तिनं इचारलंच न्हाय. अविराजला तर काय झालं ते कळलं बी न्हाय. बुद्धाचं नाव घेऊन बसलेली बाई मी, आन् पोरीचा रस्ता आडवला. तवापासनं तिनं वाढलेल्या ताटावर बसले की लाज वाटती.

आन् काल ती माझ्या पायाशी येऊन बसली. म्हणती, आई, माझ्या मनात काय बी आलं की तुमाला दिसतं. मला बी ध्यान शिकवा, म्हंजे माझ्या मनात असलं काय येणारच न्हाय.

ऐकलं का भंते? असलं काय. नोकरी करावी वाटली, ते असलं काय. ह्याच्यासाठी शिकायचंय तिला. तुमी सांगता मन बघा, आन् ती माझ्याकडनं मन मारायला शिकणार. म्हणून म्हणते, तुमीच तिला खुणेनं नको म्हणा, न्हायतर हितं विहारात बसवा, पहाटं —

पहाटं न्हाय. पहाटं नको.

दाराकडं बोट का दाखवताय? जा म्हणता? आत्ता? आन् काय सांगू, मला ध्यानातलं ओ का ठो कळत न्हाय, मी तुझं फोन ऐकते, असं? ती भांडायची न्हाय, भंते. भांडली असती तर बरं झालं असतं. ती नुसती गप हुईल. सोमवारी बारामतीला जाईल, जावंच तिनं, आन् फोन करायचा तर मळ्याकडं जाऊन करंल. मग मी? आमचं मालक गेल्यापासनं माझ्यासंगं बोलतंय कोण? आधी म्हातारी म्हणून माणसं बोलत नव्हती, आता साधू झाले म्हणून बोलत न्हाईत. मी आले की उठून जागा देत्यात आन् गप बसत्यात. दिवसभरात माणसाचं बोलणं म्हणून कानावर पडतं ते तेवढंच. भाजी काय केली, कुठली साडी फाटली, भावाच्या पोराला दात आला का. मधीच हसती बी. मी डोळं मिटून बसलेली असते, आन् मला वाटतं ती मलाच सांगतीय.

उठते मी. वंदामि, भंते. सांगते तिला.