पांढरी रेघ

लेक : पुसा ना बाबा, रुमालानं पुसा! मला समोरचं काही दिसत नाहीये.

वडील : पुसतोय गं. पुसली की पुन्हा वाफ धरतेय. काचेवर गरम हवा सोड.

लेक : तेच शोधतेय! सगळं त्या स्क्रीनमध्ये नेऊन ठेवलंय. आधी पंखा, मग बाण, मग—

वडील : समोर बघ! घाट आहे हा.

लेक : मग तुम्ही दाबा. खालच्या ओळीत पंख्याचं चित्र आहे.

वडील : हे?

लेक : सीट गरम व्हायला लागली! शेजारचं.

वडील : आता गाणं लागलं. मेल्यांनो, एक गोल बटण ठेवायला काय जात होतं तुमचं? चाळीस वर्षं ड्रायव्हिंग स्कूल चालवलं मी. पोरांच्या डोळ्यांना पट्टी बांधून बटणं ओळखायला लावायचो. या गुळगुळीत पाटीवर काय चाचपायचं?

लेक : बाबा, भाषण नको! मागे ट्रक चिकटलाय. थांबले तर अंगावर येईल. मला भीती वाटतेय हो.

वडील : हळू घे, पण थांबू नकोस.

लेक : असं करू. मी स्क्रीन बघते, तुम्ही रस्ता बघा. पुसलंय तेवढ्यातून मधली पांढरी रेघ दिसतेय. ती सुटली की सांगा.

वडील : नको.

लेक : अहो, दोन सेकंद!

वडील : मला नाही दिसत गं.

लेक : नीट बघा ना—

वडील : काचेमुळे नाही. डोळ्यांमुळे. ती रेघ मला कधीचीच दिसत नाही.

लेक : बाबा!

वडील : ते नंतर. तुझ्या बाजूची काच खाली घे, डोकं बाहेर काढ.

लेक : मागची काच उघडली! या बटणाला आधी पुढची की मागची ते सांगावं लागतं... हां, उघडली. दिसतेय रेघ!

वडील : तिच्या कडेकडेनं चल. पुढे जागा आहे का?

लेक : आहे. डोंगराकडे, रुंद आहे. घेतेय आत... थांबलो, बाबा. थांबलो.

(ट्रक हॉर्न वाजवत शेजारून निघून जातो.)

वडील : ही बाटली घे. पाणी पी.

लेक : कधीपासून?

वडील : झाले सहा-सात महिने.

लेक : आणि बोलला नाहीत?

वडील : किल्ली काढून घेतली असतीस. स्क्रीनला चार शिव्या घातल्या, की कुणी पुढचं विचारायचं नाही.

लेक : माझ्या चिंगीला शाळेतून रोज तुम्ही आणता, बाबा.

वडील : हो.

लेक : याच गाडीतून.

वडील : तिला पुढे बसवतो. कोण आडवं आलं, दिवा लाल की हिरवा, सगळं तीच सांगते. तिला वाटतं, आजोबा गाडी शिकवतायत.