शाळेला शेगडी नाही

रोसांदा : ...नव्या शाळेचा तुझा अख्खा नकाशा पालथा घातला, पण शेगडी काही सापडेना. कुठं लपवलीस?

इसिदोरा : शेगडी नाहीच, रोसांदाआजी.

रोसांदा : अगं बाई! बेलग्रेडला जाऊन शिकलीस ती आपल्या डोंगरातला जानेवारीच विसरलीस?

इसिदोरा : भिंती हातभर जाड, खिडक्यांना तिहेरी काचा. आत शिरलेली ऊब बाहेर पडत नाही.

रोसांदा : पण शिरणार कुठून?

इसिदोरा : उन्हातून. आणि... माणसांतून. माणूस नुसता बसला तरी जुन्या शंभर वॅटच्या दिव्याएवढी ऊब देतो. शाळेत पोरं अकराच. तेवढ्यांनी काही भागत नाही. म्हणून वर्गाच्या मागच्या बाजूला तुम्हा मंडळींना बसायला जागा काढलीय. कॉफी प्या, पत्ते खेळा, विणत बसा.

रोसांदा : म्हणजे आम्ही म्हातारे तुझं सरपण!

इसिदोरा : तसं नाही हो...

रोसांदा : तसंच आहे. जन्मभर गावासाठी राबलो, आता म्हणे जळा! त्या स्रेत्कोला बसव. राकिया ढोसून तो सकाळपासून पेटलेलाच असतो.

इसिदोरा : विचारलं त्यांना. म्हणाले, रोसांदा येणार असेल तर येतो.

रोसांदा : मेल्याच्या गोवऱ्या मसणात गेल्या तरी खोड जात नाही! आणि ही छताजवळची भोकं कसली?

इसिदोरा : हवा खेळती राहायला.

रोसांदा : (छातीवर क्रुसाची खूण करत) देवा रे! इकडून वारं आत, तिकडून बाहेर, आणि मध्ये माझी मान! माझी नणंद अशाच वाऱ्यानं गेली.

इसिदोरा : ब्याण्णव वर्षांच्या होत्या त्या!

रोसांदा : वारं लागलं नसतं तर शंभरी गाठली असती.

इसिदोरा : आजी, आत येणारी हवा बाहेर जाणाऱ्या हवेच्या उबेनं तापून येते. केससुद्धा हलत नाही. आता थट्टा पुरे. उद्याच्या सभेत तुम्ही "येतो" म्हणाला नाहीत, तर नगरपालिका नुसत्या अकरा पोरांसाठी शाळा बांधणार नाही. पोरं बसनं शहरात जातील, मागोमाग त्यांचे आईबाप. मग इथं कोण उरणार?

रोसांदा : धमकी देतेस?

इसिदोरा : पाया पडते.

रोसांदा : जुन्या शाळेतली शेगडी कोण पेटवायचं, आठवतं का?

इसिदोरा : न आठवायला काय झालं? जिवोयिनआजोबा. आम्ही पोचायच्या आत वर्ग गरम असायचा. माझे ओले मोजे ते शेगडीवर वाळत घालायचे.

रोसांदा : आणि तू ह्यांची शेगडीच पुसून टाकलीस.

इसिदोरा : टाकली. फार वाईट वाटलं मला.

रोसांदा : वाईट कसलं? जन्मभर धूर खाल्ला त्यांनी. खोकून खोकूनच गेले. बरं केलंस.

इसिदोरा : मग याल?

रोसांदा : माझी खुर्ची त्या भोकांपासून लांब. डोक्याचा रुमाल मी सोडणार नाही. आणि सप्टेंबरात मिरच्या भाजायला ते मागचं अंगण आमचं.

इसिदोरा : कबूल!

रोसांदा : शाळा किती वाजता भरते?

इसिदोरा : आठला. तुम्ही सावकाश दहापर्यंत या.

रोसांदा : दहाला येऊन काय करू? पोरं यायच्या आत वर्ग गरम नको का व्हायला?